पेढीवरून सभागृहात : सर इब्राहीम रहिमतुल्ला यांचे जीवनकार्य आणि आपण

(भंडारदरा येथील पालक-विद्यार्थी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी एका व्यापाऱ्याचे चरित्र निवडले आहे. हा व्यापारी मुंबईचा. मग भंडारदऱ्यास येऊन त्याची आठवण कशासाठी काढायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या समोरच्या धरणात आहे.

प्रवरा नदीवरील या धरणाचे काम 1910 च्या सुमारास सुरू झाले आणि 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सरकारदरबारी म्हणूनच याचे नाव विल्सन धरण असे पडले. सुमारे 270 फूट उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांत मोडत होती. येथून सोडलेले पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्याशी अडवले जाते आणि प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतील शेतांना पोचते. दुष्काळी म्हणून प्रसिद्ध असलेल्या जुन्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्या पाण्यावर ऊस उभा राहिला.

परंतु मंडळी, ऊस उभा राहिला म्हणजे साखर कारखाना निघतोच असे नाही. त्या काळी आपल्या बाजारात जावा बेटावरची स्वस्त साखर येत असे. तिच्यापुढे येथील कारखान्याचा टिकाव लागणे कठीण होते. देशात साखरेचे कारखाने तेव्हा जेमतेम तीसेक होते. 1932 साली मध्यवर्ती कायदेमंडळात साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी साखरेवर भक्कम जकात बसली आणि चार-पाच वर्षांतच कारखान्यांची संख्या शंभराच्या वर गेली. नगर जिल्ह्यातील कारखानदारीलाही त्याच काळात जोर आला. पुढे 1950-51 च्या हंगामात लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला, तो याच पाण्याच्या आणि याच धोरणाच्या पायावर.

तो 1932 चा कायदा झाला तेव्हा कायदेमंडळाच्या अध्यक्षपदावर मुंबईचे एक मुसलमान व्यापारी बसलेले होते. एवढेच नव्हे, तर देशी उद्योगांना जकातीचे संरक्षण मिळाले पाहिजे, ही गोष्ट त्यांनी त्याआधी पंधरा-सोळा वर्षे लावून धरली होती. त्यांचे नाव सर इब्राहीम रहिमतुल्ला. आज आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नाही. म्हणून हा विषय.

आणखीही एक कारण आहे, ते पालकांसाठी. आपल्या समाजात एक वाक्य वारंवार ऐकू येते. "पोरगा नववीत आहे, पण पुस्तकात जीव नाही. शिकून तरी कुठे नोकरी लागणार? त्यापेक्षा दुकानात बसवतो, चार पैसे कमावील." आणि त्याच्या पुष्टीसाठी कोणी ना कोणी कमी शिकलेल्या मोठ्या माणसाचे उदाहरण दिले जाते. इब्राहीम रहिमतुल्ला हे अशा उदाहरणांतील सर्वांत मोठे नाव ठरावे. म्हणूनच त्यांचे चरित्र नीट पाहिले पाहिजे. त्यातून आपण समजतो त्याच्या नेमका उलटा धडा निघतो.

इब्राहीम रहिमतुल्ला यांचा जन्म 1862 च्या मे महिन्यात मुंबईस खोजा समाजातील एका व्यापारी घराण्यात झाला. शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. मॅट्रिकच्या टप्प्यावर शाळा सुटली. कॉलेजची पायरी त्यांनी चढली नाही. थोरल्या भावाच्या व्यापारात ते सामील झाले आणि ऐन तारुण्यातच पेढीवर बसू लागले.

येथवर ऐकून काही पालकांना बरे वाटले असेल. पण थोडे थांबा आणि त्या काळाचा विचार करा. 1870 नंतरच्या दशकात एल्फिन्स्टनसारख्या शाळेत मॅट्रिकपर्यंत पोचणे म्हणजे इंग्रजी वाचता, लिहिता आणि बोलता येणे, गणित पक्के असणे आणि जगाची माहिती असणे. त्या वेळी मुंबईतल्या मुसलमानांत असे तरुण फार थोडे होते. रहिमतुल्ला सयानी यांच्यासारखा एखादा एम. ए., एलएल. बी. झाला, तर त्याचे नाव सबंध शहरात होई. हेच सयानी 1896 साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. समाजाची ही स्थिती पाहूनच 1874 मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी व कमरुद्दीन तय्यबजी हे वकील बंधू, नाखुदा मुहम्मद अली रोगे हे व्यापारी आणि मुन्शी गुलाम मुहम्मद यांच्यासारख्या मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. तेव्हा इब्राहीमभाईंचे शिक्षण अर्धवट राहिले असे आज आपल्याला वाटते, पण त्या काळच्या मापाने ते सुशिक्षितच होते. आज नववीतून शाळा सोडणारा मुलगा त्या मापात कुठेच बसत नाही.

दुसरी गोष्ट, ते गेले ते स्वतःच्या घरच्या पेढीवर. तेथे भांडवल होते, पत होती, थोरला भाऊ शिकवायला होता. आपला मुलगा जातो तो बहुधा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये किंवा दुकानात, रोजावर. दोघांना एकाच तराजूत घालणे हा हिशेब चुकीचा आहे.

आता त्यांच्या सार्वजनिक जीवनाकडे वळू. 1892 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर निवडून आले. त्या कॉर्पोरेशनची घडण समजून घेतली पाहिजे. 1888 च्या कायद्याने तिची रचना ठरली होती. एकूण 72 सभासद. त्यांपैकी 36 जणांना शहरातील करदाते निवडून देत. 16 जण जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडून येत. युनिव्हर्सिटीच्या फेलोंचे 2, चेंबर ऑफ कॉमर्सचे 2 आणि उरलेले 16 सरकारनियुक्त. म्हणजे मत सर्वांना नव्हते. घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याला होते. गरिबाला त्या सभेत आवाज नव्हता, ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव होती. पण देशात इतरत्र सरकारी अधिकारीच सारा कारभार हाकत असताना मुंबईत निम्मे सभासद करदात्यांनी निवडलेले असत. तेथे फिरोजशहा मेहतांसारखे कायदेपंडित बसत. कमिशनरने मांडलेल्या अंदाजपत्रकाची तेथे कलमाकलमाने चिरफाड होई.

अशा सभेत व्यापाऱ्याला काय जागा? वकिलासारखे भाषण त्याला येत नसेल, पण जमाखर्च त्याला वाचता येतो. रोजकीर्दीतला आकडा खतावणीत आला की नाही, हे पाहण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. एखाद्या कामाला किती खर्च येईल, तो कोणाकडून वसूल होईल आणि त्यातून कोणाला काय मिळेल, हे तीन प्रश्न व्यापारी रोज स्वतःला विचारतो. सार्वजनिक कामात हेच तीन प्रश्न विचारले गेले, तर निम्मा गैरकारभार जागच्या जागी थांबेल.

त्यांना अवघी चार वर्षे झाली होती, तोच 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उघडकीस आली. हा भाग गोदामांचा आणि दाटीवाटीच्या चाळींचा. लोक शहर सोडून पळू लागले, व्यापार बसला. या संकटातून 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. गलिच्छ वस्त्या पाडणे, रस्ते रुंद करणे, नवी घरे बांधणे ही त्याची कामे. इब्राहीमभाई या ट्रस्टवरही होते. 1899 साली ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. महापौर हा शब्द तेव्हा आला नव्हता, तो 1931 पासून सुरू झाला. पण मान तोच. शाळेचे शिक्षण मॅट्रिकशी थांबलेला हा गृहस्थ वयाच्या सदतिसाव्या वर्षी हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या नगरपालिकांपैकी एकीचा अध्यक्ष झाला.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याशी येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत दोन व्यक्ती सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी सरकारच्या मागे लागल्या होत्या. एक सर चिमणलाल सेटलवाड, मोठे वकील. दुसरे इब्राहीम रहिमतुल्ला, व्यापारी. मुंबई शहरातील प्रत्येक मुलाने प्राथमिक शाळेत गेलेच पाहिजे असा कायदा करा, अशी त्यांची मागणी होती. अखेर सरकारने 1906 साली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. समितीने विचार केला आणि निर्णय दिला की सक्तीच्या शिक्षणासाठी लोकांची अद्याप तयारी नाही. मागणी फेटाळली गेली.

"लोकांची तयारी नाही" हे शब्द पालकांनी ध्यानात ठेवावेत. ज्या वर्षी मुंबईत हे उत्तर मिळाले, त्याच 1906 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या सबंध संस्थानात सक्तीचे आणि मोफत शिक्षण लागू केले. बडोद्याचे शेतकरी मुंबईच्या नागरिकांहून अधिक तयार होते काय? तसे काही नव्हते. राजाची तयारी होती, एवढाच फरक. पुढे 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. 1912 साली तेही नामंजूर झाले. त्यानंतर विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने 1918 साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि 1920 मध्ये खास मुंबई शहरासाठी कायदा झाला. पण मुभा देणे वेगळे आणि प्रत्येक मुलाचा हक्क मान्य करणे वेगळे. तो हक्क संसदेने 2009 च्या कायद्याने दिला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. म्हणजे 1906 साली जे मागितले होते, ते पुरते पदरात पडायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता विचार करा. स्वतः मॅट्रिकशी थांबलेला, धंद्यात पैसा आणि सभेत मान मिळवलेला माणूस. "मी कुठे शिकलो, तरी माझे काय अडले?" असे म्हणण्याचा हक्क कोणाला असेल तर तो यांनाच होता. त्यांनी तसे म्हटले नाही. उलट, सरकारने कायद्याचा दंडुका उगारून मुलांना शाळेत बसवावे, अशी मागणी त्यांनी केली. पेढीवर बसून त्यांना पक्के कळले होते की आपल्याला जे साधले, ते शाळेत जेवढे पदरात पडले त्याच्या बळावर साधले. ज्याच्याकडे तेवढीही शिदोरी नाही, त्याच्यासाठी पेढीचे दार हमालाच्या बाजूनेच उघडते.

या जिल्ह्यातही अशीच गोष्ट घडली आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शाळेचे शिक्षण अगदी थोडे. पण सहकारी कारखाना उभा करताना त्यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा नामवंत अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून पुढे घातला आणि कारखान्याच्या बरोबरीने त्या परिसरात शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. कमी शिकलेले खरोखर मोठे लोक शिक्षणाला कधी कमी लेखत नाहीत.

इब्राहीमभाईंच्या पुढील वाटचालीत देशाच्या उद्योगांचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. 1913 साली ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले. त्याच वर्षी डिसेंबरात आग्र्याला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षही तेच होते. त्या काळी देशी उद्योगांची स्थिती काय होती? 1896 पासून परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात होती आणि आपल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच कर सरकारने बसवला होता. हेतू एवढाच की लँकेशायरच्या मालाशी येथील मालाने चढाओढ करू नये. आपल्या घरात तयार झालेल्या मालावर शेजाऱ्याच्या सोयीसाठी कर भरायचा, असा हा न्याय.

21 मार्च 1916 रोजी इब्राहीम रहिमतुल्लांनी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव मांडला की हिंदुस्थानात उद्योगधंद्यांची वाढ कशी करावी, याचा विचार करण्यासाठी समिती नेमावी. त्या सुमारास सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. आयोगाने 1918 मध्ये अहवाल दिला. पण एक मेख होती. जकातीच्या प्रश्नाला आयोगाने हात लावायचा नाही, असे आधीच ठरवून दिले होते. रोग्याला तपासा, पण नाडी पाहू नका, असाच तो प्रकार.

ती नाडी पाहण्याची वेळ 1921 साली आली. सरकारने वित्तविषयक आयोग नेमला आणि त्याच्या अध्यक्षपदी सर इब्राहीम रहिमतुल्ला यांची निवड केली. आयोगाचा अहवाल 1922 मध्ये आला. बहुमताने शिफारस झाली ती पारखून संरक्षण देण्याची. ज्या उद्योगाला निसर्गाची अनुकूलता आहे, जो मदतीशिवाय वाढू शकत नाही आणि जो पुढे केव्हातरी मदतीवाचून स्वतःच्या पायावर उभा राहील, अशाच उद्योगाला जकातीचे संरक्षण द्यावे, असे तीन दंडक ठरले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जे घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. आयोगाच्या पाच सभासदांना हे दंडक फार आखडते वाटले. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि संरक्षणाचे धोरण मोकळेपणाने स्वीकारा, असे सांगितले. त्या पाच जणांत घनश्यामदास बिर्ला, जमनादास द्वारकादास, नरोत्तम मोरारजी आणि टी. व्ही. शेषगिरी अय्यर होते. आणि पाचवी सही खुद्द अध्यक्ष इब्राहीम रहिमतुल्ला यांची होती. सरकारने नेमलेल्या आयोगाच्या अध्यक्षाने आपल्याच आयोगाच्या बहुमताविरुद्ध सही करावी, ही लहान गोष्ट नव्हे. त्या वेळी ते मुंबई सरकारच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. 1918 ते 1923 हा काळ त्यांनी त्या जागेवर काढला. सरकारी खुर्चीवर बसलेले असतानाही जे पटले नाही त्याखाली त्यांनी मुकाट्याने सही केली नाही.

बहुमताचा अहवाल मान्य झाला तरी वाट मोकळी झाली. 1923 मध्ये टॅरिफ बोर्ड स्थापन झाले, 1924 मध्ये पोलाद उद्योगाला संरक्षण मिळाले आणि जमशेदपूरचा कारखाना तगला. देशी कापडावरचा कर 1925 च्या अखेरीस थांबला. साखरेचा कायदा 1932 मध्ये झाला, तो आपण आरंभी पाहिला. पेढीवरच्या माणसाने मांडलेला प्रश्न असा हळूहळू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आला.

दरम्यान सर इब्राहीम 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले आणि 17 जानेवारी 1931 पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष. प्रकृतीच्या कारणाने मार्च 1933 मध्ये त्यांनी ते पद सोडले. 1942 साली त्यांचे निधन झाले.

चरित्र सांगताना नुसती स्तुती करणे योग्य नव्हे. त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते सरकारशी सहकार्य करणाऱ्या पक्षाचे होते. किताब त्यांनी घेतले, तुरुंगात ते गेले नाहीत. त्यांच्या आधी त्याच दिल्लीच्या खुर्चीवर बसलेल्या विठ्ठलभाई पटेलांनी 1930 साली राजीनामा दिला आणि कारावास पत्करला. सविनय कायदेभंगाच्या त्या धामधुमीत काँग्रेस कायदेमंडळाबाहेर होती आणि अशा वेळी सर इब्राहीम त्या जागेवर आले. त्यावर टीका होणे साहजिकच होते.

याच मुंबईतील दुसऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. मियाँ जान मुहम्मद छोटाणी हे लाकडाचे बडे व्यापारी. ते मध्यवर्ती खिलाफत कमिटीचे अध्यक्ष झाले आणि महात्मा गांधींबरोबर चळवळीत उतरले. पुढे कमिटीच्या पैशांचा हिशेब जुळेना, तेव्हा त्यांच्यावर मोठे बालंट आले. उमर सोबानी हे गिरणीमालक. होमरूल आणि असहकाराच्या चळवळींना त्यांनी सढळ हाताने पैसा दिला. व्यापारात सर्वस्व गमावून 1926 साली ऐन उमेदीत ते वारले. त्यांचा त्याग मोठा होता, यात शंका नाही. देशाला चळवळीत उडी घेणारेही हवे होते आणि कायद्याचा मसुदा ओळीओळीने तपासणारेही हवे होते. एकाची थोरवी सांगण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याचे कारण नाही.

मात्र छोटाणींच्या उदाहरणातून एक गोष्ट प्रत्येक संस्थेने शिकावी. लोकांचा पैसा आणि स्वतःचा पैसा यांच्या वह्या वेगळ्या असल्या पाहिजेत. नेक नियतीवर हिशेबाची भिस्त ठेवता येत नाही. सर इब्राहीम यांनी धर्मादाय निधींची सरकारात नोंद व्हावी, असा आग्रह कायदेमंडळात धरला होता. तो त्या वेळी अनेकांना रुचला नाही. पुढे 1923 च्या वक्फ कायद्याने मुतवल्लींना हिशेब सादर करणे भाग पडले आणि 1950 मध्ये मुंबई राज्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला. आज आपली संस्था ताळेबंद छापते, ऑडिट करून घेते, तो याच परंपरेचा भाग आहे. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाने तो ताळेबंद वाचावा आणि न समजलेला आकडा विचारावा. विचारण्यात अविश्वास नाही. विचारणारा सभासद असला की संस्था सरळ चालते.

आता थोडे आपल्याविषयी. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला. म्हणजे आठवीपर्यंत सरकारची जबाबदारी आहे. नववीपासून ती घराची होते. आणि आपल्याकडे गळती लागते ती नेमकी त्याच वळणावर. मुलगा कामाला लागतो. मुलीसाठी शाळा लांब आहे असे म्हटले जाते, आणि मग लग्नाची बोलणी सुरू होतात. 2006 साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. शिक्षणाच्या वरच्या पायऱ्यांवर मुसलमान मुले कमी कमी होत जातात, हे त्यात आकडेवारीने मांडले आहे. 1906 मध्ये समितीने म्हटले होते, लोकांची तयारी नाही. आज कायदा आहे, शाळा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. आता तयारी कोणाची नाही, हा प्रश्न सरकारला विचारून उपयोग नाही. तो आपण आपल्याच उंबऱ्याच्या आत विचारला पाहिजे.

गरिबी आहे, हे मी नाकारत नाही. घरात कमावता एक आणि खाणारे सहा असले म्हणजे नववीतल्या मुलाच्या रोजंदारीवर नजर जाते. त्या बापाला दोष देणे सोपे आहे, म्हणून मी दोष देत नाही. पण व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडून पाहा. आज मुलाने आणलेला रोज ही जमा आहे. पण दहावी-बारावी न झाल्यामुळे पुढची चाळीस वर्षे तो जी कमी मजुरी घेईल, तो खर्च कोणत्या वहीत लिहिला? आयटीआयचे बहुतेक ट्रेड दहावीनंतर मिळतात. बँकेचा, पोस्टाचा, रेल्वेचा अर्ज नापास नववीवर भरता येत नाही. धंदाच करायचा असला तरी आता जीएसटीचा हिशेब, कर्जाचा कागद, कराराच्या अटी स्वतः वाचता आल्या पाहिजेत. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा उठवून किती घरे बुडाली, हे आपल्या वाडवडिलांना विचारा.

मुलीच्या बाबतीत तर हा हिशेब दुप्पट होतो. शिकलेली आई घरात असली म्हणजे पुढच्या पिढीला सक्तीची गरजच उरत नाही. इल्म मिळवणे आपल्याकडे फर्ज मानले आहे आणि त्या फर्जात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

धंदा वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. तिजारत ही आपल्या समाजाची जुनी आणि इज्जतीची वाट आहे. ज्या मुलाला दुकानाची ओढ असेल त्याने दुकान जरूर चालवावे. माझे म्हणणे एवढेच की त्याने दुकानात जावे ते मालक होण्यासाठी आणि त्यासाठी किमान बारावीचा दाखला बरोबर घेऊन जावे. सकाळी शाळा आणि संध्याकाळी दोन तास दुकान, असे करूनही कितीतरी मुले पुढे गेली आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. पहिली, गणित आणि भाषा यांचा कंटाळा करू नका. सर इब्राहीम यांच्याजवळ पदवी नव्हती, पण सरकारचे अंदाजपत्रक आणि कायद्याचा मसुदा ते स्वतः वाचत, कोणाकडून ऐकत नसत. मराठी चांगली लिहा-बोला, कारण या राज्यातील कचेरी, न्यायालय आणि ग्रामसभा मराठीत चालतात. उर्दू घरची आहे, ती जपा. इंग्रजी कमवा. दुसरी गोष्ट, सार्वजनिक कामाला हलके समजू नका. तुमच्या गावची ग्रामसभा, शाळेची व्यवस्थापन समिती, नगरपालिकेची बैठक, येथे जाऊन बसा. तुमच्या वॉर्डातील शाळेसाठी किती पैसे मंजूर झाले आणि किती खर्च झाले, हे विचारा. एका व्यापाऱ्याने नगरपालिकेच्या सभेत बसून असे प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. तेथून त्याची वाट दिल्लीच्या अध्यक्षपदापर्यंत गेली. तुमची वाट तेवढी लांब जाईल की नाही, ते अल्लाह जाणे. पण तुमच्या शाळेचे गळके छप्पर त्या प्रश्नाने नक्की दुरुस्त होईल.

पालकांना अखेरची विनंती. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना आपल्या मोहल्ल्यातील आठवी पास झालेल्या मुलामुलींची एक यादी करा. त्यांतील कोण नववीत गेले आणि कोण गेले नाही, एवढेच लिहा. जे गेले नाही, त्याच्या घरी दोघा-तिघांनी जाऊन बसा, अडचण विचारा आणि ती यादी संस्थेच्या कचेरीत आणून द्या. फीची अडचण असेल तर संस्था पाहील, पुस्तकांची असेल तर आपण सारे पाहू. 1906 च्या समितीला जे उत्तर मुंबईकरांना देता आले नाही, ते आपण या यादीने देऊ शकतो.